परदेशातल्या नातेवाइकांकडे: कमी खर्चाच्या प्रवासाचा पूर्ण हिशेब

परदेश प्रवासात विमानाच्या तिकिटाखालोखाल सर्वांत जड पडतो तो राहण्याचा खर्च. लंडन, न्यूयॉर्क, झुरिक किंवा सिडनीत चौघांच्या कुटुंबाने साध्या हॉटेलात दहा दिवस काढायचे म्हटले, तरी तिकिटांच्या जवळपास रक्कम त्यातच जाऊ शकते. म्हणून पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मध्यमवर्गीय कुटुंबे परदेशी निघताना आधी नातेवाइकांची यादी काढतात. चुलतभाऊ न्यू जर्सीत, मावसबहीण लंडनजवळ स्लाउला, भाचा म्युनिकला, आतेभाऊ दुबईत. कोकणातून आखाताकडे फार पूर्वीपासून गेलेली माणसे आणि संगणक क्षेत्रामुळे पश्चिमेकडे गेलेली पिढी यांमुळे अशी यादी आता कितीतरी घरांत निघते.

नातेवाइकाकडे उतरल्याने हॉटेलचे बिल वाचते, पण खर्च नाहीसा होत नाही. त्याचा काही भाग यजमानाच्या अंगावर जातो, आणि तो पैशांपेक्षा रजेच्या, वेळेच्या आणि श्रमांच्या रूपात जास्त असतो. प्रवासाचे अंदाजपत्रक मांडताना हा भाग बहुतेकदा धरलाच जात नाही. तो धरून आखलेला प्रवासही हॉटेलात राहण्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. फक्त काही पैसे वेगळ्या ठिकाणी खर्च करावे लागतात.

पहिला प्रश्न असतो नाते किती जवळचे, हा. घरात चुलत-मावस हा भेद कोणी मानत नाही, कायदा मात्र मानतो, आणि प्रत्येक देश तो आपापल्या पद्धतीने मानतो. कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’वर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण तो फक्त आई-वडील आणि आजी-आजोबा यांच्यासाठी आहे. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमाही लागतो. काका, मावशी किंवा चुलत भावंडांना तिथे साध्या पर्यटक व्हिसावरच जावे लागते. संयुक्त अरब अमिरातीने २०२५ मध्ये नातेवाइकाला भेटीसाठी बोलावणाऱ्याच्या उत्पन्नाची अट नात्याच्या श्रेणीनुसार ठरवली. पहिल्या श्रेणीच्या नातेवाइकासाठी दरमहा किमान ४,००० दिरहम, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीसाठी ८,००० आणि मित्रासाठी १५,००० दिरहम. म्हणजे दुबईतला आतेभाऊ स्वतःच्या आई-वडिलांना ज्या पगारावर बोलावू शकतो, त्याच पगारावर मामेभावाला बोलावू शकेलच असे नाही. अशा वेळी प्रवासी कंपनीमार्फत साधा पर्यटक व्हिसा काढून त्याच्याकडे जाणे सोपे.

भारतातही हा भेद एका ठिकाणी आडवा येतो. परदेशातल्या भावाने तिकिटासाठी पैसे पाठवले, तर ती भेट ठरते. प्राप्तिकर कायद्यानुसार ‘नातेवाइका’कडून आलेल्या भेटीवर कर नाही, आणि त्या व्याख्येत सख्खी भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी येतात. चुलत, मामे, आते, मावस भावंडे येत नाहीत. त्यांच्याकडून आणि इतर परक्यांकडून मिळून वर्षभरात ५० हजार रुपयांहून जास्त रक्कम आली, तर सगळीच रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि कळते ती विवरणपत्र भरताना.

व्हिसाच्या कागदपत्रांत सर्वांत जास्त गैरसमज आहे तो निमंत्रणपत्राविषयी. अमेरिकेच्या बी-१/बी-२ पर्यटक व्हिसासाठी नातेवाइकाचे पत्र किंवा हमीपत्र आवश्यक नसते. अर्जदार परत येईल की नाही, हे त्याची इथली नोकरी, घरदार आणि जबाबदाऱ्या पाहून ठरते. प्रत्येक अर्जदार तिथे स्थायिक व्हायलाच निघाला आहे, असे अमेरिकी कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे मुलाखतीत पटवून देणे अर्जदाराचे काम असते. चुलतभावाचा पगार कितीही मोठा असला, तरी त्याचा इथे फारसा उपयोग होत नाही. डीएस-१६० या अर्जात मात्र अमेरिकेतल्या नातेवाइकांबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. एक पती-पत्नी, मुले, भावंडे अशा जवळच्यांचा आणि दुसरा इतर नातेवाइकांचा. ज्याच्याकडे उतरायचे तो चुलतभाऊ दुसऱ्या प्रश्नात येतो. नातेवाईक दाखवला तर व्हिसा नाकारतील, या भीतीने काही जण तिथे ‘नाही’ लिहितात, काही दलालही तसाच सल्ला देतात. हा सल्ला घातक आहे. खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर माणूस अमेरिकेच्या व्हिसासाठी कायमचा अपात्र ठरू शकतो. खरे लिहिल्याने मात्र अर्ज आपोआप नाकारला जात नाही.

या व्हिसाचे अर्जशुल्क २०२३ पासून १८५ डॉलर आहे आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. चौघांचे कुटुंब असेल तर ही रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरावी लागते. भारतीयांना हा व्हिसा साधारणतः दहा वर्षांसाठी मिळतो, पण दर वेळी किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा ती मुदत सहा महिन्यांपर्यंत असते.

ब्रिटनमध्ये नियम थोडे वेगळे आहेत. तिथे राहण्या-जेवणाची जबाबदारी नातेवाईक घेऊ शकतो. त्याचे नाते खरे आहे, तो स्वतः कायदेशीरपणे तिथे राहतो आणि हा भार त्याला खरोखर पेलतो, एवढे दाखवावे लागते. त्यामुळे स्लाउच्या मावसबहिणीचे पत्र, घराच्या भाड्याचा करार किंवा मालकीचे कागद आणि पगाराच्या पावत्या अर्जाला जोडणे उपयोगी पडते. सहा महिन्यांच्या साध्या व्हिसाचे शुल्क २०२५ मध्ये १२७ पौंड होते.

युरोपातल्या शेंगेन करारात आता २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सगळे फिरता येतात. त्यात कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क पडते. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. नातेवाइकाकडे उतरणाऱ्यांनी इथे एक चूक टाळायला हवी. अर्ज करायचा तो जिथे सर्वांत जास्त दिवस काढायचे, त्या देशाच्या दूतावासाकडे. भाचा म्युनिकला असला, पण पंधरापैकी दहा दिवस इटलीत जाणार असतील, तर अर्ज इटलीकडे जातो. दिवस सारखेच असतील, तर जिथे पहिले पाऊल पडणार त्या देशाकडे. जर्मनीत नातेवाइकाला परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन पाहुण्याच्या खर्चाची औपचारिक जबाबदारी लिहून देता येते. त्यासाठी त्याचे उत्पन्न तपासले जाते आणि २९ युरो शुल्क पडते. फ्रान्समध्ये घरी पाहुणा ठेवणाऱ्याने गावच्या नगरपालिकेकडून तसा दाखला घ्यायचा असतो. ही कामे यजमानाला कामाच्या दिवशी, स्वतः वेळ काढून करावी लागतात. म्हणून तिकिटे काढल्यावर नव्हे, त्याच्या तीन-चार महिने आधी त्याला विचारावे.

एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. ज्यांचे नातेवाईक युरोपात आहेत आणि जे पुन्हा पुन्हा जाणार आहेत, त्यांच्यासाठी ही मोठी सवलत आहे.

तिकिटांच्या बाबतीत हंगामाचा विचार दोन्ही बाजूंनी करावा लागतो. महाराष्ट्रातल्या शाळांना एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, म्हणून त्याच वेळी भाडी चढतात. पण अमेरिकेत शाळा मेअखेर किंवा जूनमध्ये बंद होतात, इंग्लंडमध्ये तर जुलैच्या उत्तरार्धात. मेमध्ये गेलेला पाहुणा तिथे पोचतो तेव्हा घरातली मुले परीक्षेत आणि मोठी माणसे कामात असतात. दिवाळीच्या सुट्टीत भाडी बहुधा उतरलेली असतात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात पानगळीचे रंगही दिसतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येते. त्याला जोडून बहुतेक घरांत चार दिवसांची सुट्टी असते, त्यामुळे यजमानाला रजा खर्च न करता पाहुण्यांसोबत राहता येते. आखातात उलटे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या शाळा बंद असतात आणि यजमान कुटुंबच सुट्टीसाठी भारतात आलेले असते.

दोन नातेवाईक दोन शहरांत असतील, तर जाण्याचे तिकीट एका शहराचे आणि येण्याचे दुसऱ्या शहराचे काढावे. न्यू जर्सीत उतरून सॅन फ्रान्सिस्कोहून परत निघाले, तर चार हजार किलोमीटरचा उलटा प्रवास वाचतो. हे तिकीट साध्या परतीच्या तिकिटापेक्षा फार महाग नसते.

विम्याबद्दल थोडक्यात, पण ठाम सांगायला हवे. भारतातली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी परदेशात सहसा चालत नाही. अमेरिकेत एका रात्रीच्या इस्पितळाचे बिल सगळ्या प्रवासाच्या खर्चापेक्षा मोठे होऊ शकते, आणि विमा नसेल तर ते यजमानाच्या दारात येऊन पडते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आधीपासून असेल, तर त्यासाठी पॉलिसीत काय दिले आहे आणि काय वगळले आहे, हे वाचूनच ती घ्यावी. स्वस्त पॉलिसींमध्ये जुन्या आजारासाठी बहुतेकदा केवळ जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरतेच संरक्षण असते.

सामानाचा भाग मराठी घरांत सर्वांत मायेचा असतो आणि नियमांचा सर्वांत गुंता तिथेच असतो. भावासाठी लाडू, वहिनीसाठी गोडा मसाला, मुलांसाठी बाकरवडी, एका वेळी चार घरांसाठी लोणचे, असे पुडे बांधले जातात. खोबऱ्याच्या वाट्या मार्च २०२२ पासून भारतातून निघणाऱ्या विमानांच्या चेक-इन सामानात नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्यात तेल जास्त असते आणि ते पेट घेऊ शकते, हे त्याचे कारण. लोणचे आणि तूप पातळ पदार्थांत धरले जात असल्याने हातातल्या बॅगेत चालत नाहीत.

अमेरिकेत मांसाचे पदार्थ, ताजी फळे आणि कढीपत्ता नेता येत नाही. कढीपत्त्याचे झाड लिंबाच्या कुळातले आहे आणि त्यावरून येणारी कीड तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना धोकादायक ठरते. तांदूळ आणि अख्खे हरभरेही भारतातून नेता येत नाहीत. कारण खापरा भुंगा. साठवलेल्या धान्यातली ही कीड भारतात आहे आणि अमेरिका ती आत येऊ द्यायला तयार नाही. तिथे अन्नपदार्थ जाहीर न केल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जाहीर केल्यावर नको असलेली वस्तू फक्त काढून घेतात, दंड लावत नाहीत. ब्रिटन आणि युरोपीय संघात भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, खव्याची बर्फी आणि तूप तिथे नियमात बसत नाही. ऑस्ट्रेलियाचे नियम सर्वांत कडक आहेत. प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवेशाच्या कार्डावर लिहावा लागतो आणि लपवल्याचे आढळले, तर दंडासोबत व्हिसाही रद्द होऊ शकतो.

आखाती देशांत खसखस हा अमली पदार्थांच्या नियमांत येणारा जिन्नस आहे. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, सिंगापूरमध्येही. खसखशीची पुडी कोणी मुद्दाम नेत नाही. पण अनारशांवर, बाकरवडीच्या सारणात आणि अनेक घरांच्या गोड्या मसाल्यात ती असतेच. दुबईच्या आतेभावासाठी मसाला करायचा असेल, तर त्या घाण्यात खसखस घालूच नये. दिवाळीचा डबा असेल, तर अनारसे वगळून चकली आणि शंकरपाळे भरावेत.

या सगळ्यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. न्यू जर्सीत, लंडनच्या उपनगरांत, दुबईत भारतीय किराण्याची दुकाने भरपूर आहेत आणि तांदूळ, डाळ, पीठ तिथे सहज मिळते. घरून न्यायचे ते तिथे न मिळणारे. घरचा मसाला, मेतकूट, कुळथाचे पीठ, सांडगी मिरची. त्यात वजन कमी जाते, आणि अडीअडचणीत कामाला येणारी औषधे व कागदपत्रे ठेवायला जागा राहते.

आता यजमानाच्या घराकडे. परदेशातल्या भावंडांना भारतात असतो तसा वेळ का नसतो, याचे एक उत्तर तिथल्या कायद्यात आहे. अमेरिकेत पगारी रजा देण्याचे बंधन मालकावर घालणारा केंद्रीय कायदा नाही. रजा कंपनीच्या धोरणाप्रमाणे मिळते आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ती वर्षाला दहा-पंधरा दिवसच असते, अनेकदा आजारपणासकट. भारतातून एका मागोमाग एक पाहुणे आले, की वर्षाची सगळी रजा विमानतळ, नायगारा आणि वॉशिंग्टन यांतच संपते, आणि मग आई-वडिलांना भेटायला भारतात येण्यासाठी दिवस उरत नाहीत. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ नोकरदाराला वर्षाला किमान २८ दिवस पगारी रजा कायद्याने मिळते, त्यात सार्वजनिक सुट्ट्या धरलेल्या असू शकतात. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस. म्हणून युरोपातल्या यजमानाकडे निदान काही दिवस मोकळे असतात. अमेरिकेतल्या भावाकडून तेवढी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

घरकामाला माणूस नसतो. चौघा पाहुण्यांची भांडी, कपडे, अंथरुणे आणि दोन वेळचे जेवण हे काम यजमान घरातल्या कोणाला तरी, आणि बहुतेक वेळा वहिनीला किंवा बहिणीला, नोकरी सांभाळून करावे लागते. पाहुण्यांनी पहिल्याच दिवशी भांडी घासण्याचे यंत्र, धुलाई यंत्र आणि कचऱ्याच्या वेगवेगळ्या पेट्या समजून घेतल्या, आणि संध्याकाळचा स्वयंपाक ठरवून आपल्याकडे घेतला, तर हा भार खरोखर हलका होतो. भाड्याच्या घरांत काही वेळा पाहुण्यांच्या मुक्कामाला करारातच मर्यादा असते, म्हणून महिनाभर राहायचे असेल तर आधी विचारावे. जर्मनीत रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर इमारतीत शांतता पाळण्याचा नियम शेजारी गांभीर्याने घेतात. भिंतीला खिळा ठोकणे किंवा व्हॅक्यूम क्लीनर चालवणेही तेव्हा टाळतात.

एका घरी सलग पंधरा दिवस राहण्यापेक्षा चार-पाच दिवसांनंतर दोन रात्री बाहेर, साध्या होस्टेलात किंवा हॉटेलात काढणे दोन्हीकडच्यांना सोयीचे पडते. अंदाजपत्रकात या रात्री सुरुवातीपासून धराव्यात. किराणा, वीज, मोटारीचे इंधन यांचा हिशेब यजमान कधीच मागणार नाही, म्हणून तो पाहुण्याने स्वतःहून करायचा. पैसे हातात दिले तर ते घेणार नाहीत. आठवड्याचा किराणा दुकानात स्वतः भरला, मोटारीची टाकी भरून दिली किंवा सगळ्यांना एकदा बाहेर जेवायला नेले, तर ते सहज स्वीकारले जाते.

फिरण्याच्या बाबतीत सर्वांत मोठी काटकसर म्हणजे यजमानाच्या मोटारीवर अवलंबून न राहणे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून मॅनहॅटनला लोकल गाडीने तासाभरात पोचता येते. स्लाउहून एलिझाबेथ लाइन थेट मध्य लंडनमध्ये नेते. जर्मनीत मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले ‘डॉइचलांड तिकीट’ पुढे महाग झाले, पण अजूनही महिनाभर देशातल्या सगळ्या लोकल गाड्या, ट्राम आणि बस त्यावर चालतात. जलद आयसीई गाड्या मात्र त्यात येत नाहीत. हे तिकीट वर्गणीसारखे असल्याने वेळेत रद्द करावे लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि बॉस्टन या शहरांमधल्या बसगाड्या आधी आरक्षण केल्यास विमानापेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. उपनगरांत, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच भागांत मात्र मोटारीशिवाय चालत नाही. तिथे भारतातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढून न्यावा. तो एक वर्ष चालतो.

पाहण्यासारख्या पुष्कळ जागा विनामूल्य आहेत. लंडनमधले ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांची कायमस्वरूपी दालने, वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संग्रहालये, न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे, १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि आता ते स्मारक आहे. १९३२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ लंडन आणि उत्तर अमेरिकेतली ठिकठिकाणची मराठी मंडळे गणेशोत्सव, दिवाळी असे कार्यक्रम करतात. तिथे गेल्यावर यजमानाचा मित्रपरिवारही भेटतो, आणि ज्येष्ठ पाहुण्यांना दिवसभर बंद घरात एकटे वाटते, त्यावर उतारा मिळतो.

रोख पैशांचा विचार निघण्याआधीच करावा. भारतातून जाताना बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच रोख परकीय चलन नेता येते. बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डावर भरलेली बरी, कारण नेहमीच्या क्रेडिट कार्डावर बँक दर व्यवहाराला चलन बदलण्याचे वेगळे शुल्क लावते.

परतीच्या वाटेवर आणखी एक गोष्ट येते. परदेशातले नातेवाईक आपल्या सासरच्यांसाठी, मित्रांच्या आई-वडिलांसाठी छोटी छोटी पुडकी देतात. सख्ख्या भावाने समोर भरलेली वस्तू न्यायला हरकत नाही. पण त्याच्या ओळखीच्या कोणीतरी बंद करून दिलेले खोके घेऊ नये. विमानतळावर सामान स्वतः भरले का, असे विचारले जाते, आणि आत काय आहे याची जबाबदारी बॅग ज्याच्या नावावर आहे त्याचीच असते. औषधे, जीवनसत्त्वांच्या बाटल्या, चॉकलेटे अशी मागणी असेल, तर ती उघड्या पिशवीत घ्यावी, दुकानाची पावती सोबत ठेवावी आणि वजन परतीच्या तिकिटात बसते का, ते यजमानाच्या घरीच काट्यावर पाहून घ्यावे.